कल्याणहून सुटलेली राणी

माजिवडा नाक्यावर चहा घेताना शेजारच्या आजोबांनी सहज विचारलं, "डेक्कन क्वीन पहिल्यांदा सुटली कुठून, माहितेय?"

"बोरीबंदरहून."

"छे! कल्याणहून."

तेवढ्यावर दिवसाचा बेत मोडला. लॉजवर परतायची इच्छा नव्हतीच. खिडकी उड्डाणपुलाला लागून, नाशिकच्या ट्रकांनी रात्रभर डोळा लागू दिला नव्हता. रिक्षानं ठाणे स्टेशन गाठलं. मासुंदा तलाव वाटेत कधी गेला, कळलंही नाही. १८५३ ची ठाण्याची पहिली गाडी शाळेपासून पाठ आहे. मला ओढ लागली होती ती डेक्कन क्वीनच्या पहिल्या फेरीची, १ जून १९३० ची.

डोंबिवलीत आजोबांच्या ओळखीचे निवृत्त मास्तर भेटले. आजोबांचं म्हणणं खरं होतं: पहिली फेरी कल्याण ते पुणे. सात-सात डब्यांचे दोन रेक; एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. खालच्या चौकटी विलायतेहून आल्या, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले. वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग जोडला गेला थेट १९५५ मध्ये.

"म्हणजे पैसेवाल्यांच्या हौशीची गाडी," मास्तर ठामपणे म्हणाले. "शनिवार-रविवारी पुण्याला जाणाऱ्यांसाठी."

मला ते अर्धंच पटलं. हौस १९३० च्या आधीही होतीच की! पण बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि वाटेत रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी थांबवून उलट दिशेनं काढावी लागे. १९२९ मध्ये नव्या मार्गानं ते टळलं, त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. त्यांना वीज पुरवायला इथेच, ठाकुर्लीला, चोळ्याचं पॉवर हाऊस उभं राहिलं. वाफेच्या इंजिनानं घाटात धापा टाकल्या असत्या. ही राणी ठाकुर्लीच्या विजेवर धावली, मास्तर!

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वडील त्या पॉवर हाऊसचा भोंगा ऐकून घड्याळ लावायचे."

ते पॉवर हाऊस बंद पडूनही कित्येक वर्षं झाली. ठाकुर्लीला उतरून थोडा वेळ नुसताच उभा राहिलो. मनात तो भोंगा कसा वाजला असेल, हेच घोळत होतं.

संध्याकाळी कल्याणच्या फलाटावर थांबलो. सहाच्या सुमारास राणी आली आणि न थांबता धडधडत निघून गेली. डायनिंग कारमध्ये कुणीतरी चहाचा कप तोंडाला लावलेला तेवढा दिसला.