लसीच्या शेजारची बाटली

डहाणू तालुक्यात सायवनच्या आसपासच्या पाड्यांवर लसीकरणाचं सत्र बहुधा अंगणवाडीत भरतं. एक टेबल, आइसपॅक भरलेला व्हॅक्सिन कॅरिअर, बाहेर कडेवर पोरं घेऊन थांबलेल्या बाया. त्या टेबलावर काय कुठे ठेवायचं, हे जुनी सिस्टर नव्या एएनएमला सुई टोचायच्याही आधी शिकवते. लसीच्या शेजारी दुसरी बाटली नको.

यामागे यवतमाळ आहे. 31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवाने ती बरी झाली. कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली. ती व्हावीच, पण सॅनिटायझर तिथे आलं होतं ते करोनाचा संसर्ग टाळायला, आणि तेच औषधाच्या जागी गेलं. माणूस निलंबित केला म्हणून पुढच्या सत्रात टेबलावरची मांडणी आपोआप बदलत नाही.

म्हणून सिस्टर बाटली हातात घेतली की लेबल मोठ्याने वाचते. नव्या मुलींना सुरुवातीला हे हास्यास्पद वाटतं. मग व्हीव्हीएम, म्हणजे कुपीवरची उष्णता दाखवणारी खूण: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची. पेंटा लसीची उघडलेली कुपी नियम पाळले तर 28 दिवस चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची मात्र द्रावक घातल्यावर चार तासांतच टाकायची, कारण त्यांत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन नसतं. दोन पोरं उरली असताना चार तास संपले, तर नवी कुपी फोडायला हात कचरतो. इथेच सिस्टरची परीक्षा असते.

सुईबद्दल तर ती तडजोडच करत नाही. शेजारच्या गुजरातेत, मोडासा परिसरात 2009 मध्ये वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बी पसरून अनेक जण दगावले. सरकारी लसीकरणातल्या एडी सिरिंजचा दट्ट्या एका वापरानंतर अडकतो, तो याच भीतीपोटी. टोचून झालं की टोपण परत लावायचं नाही, थेट हब कटरमध्ये. टोपण लावतानाच स्वतःच्या बोटाला सुई लागते.

औषधांत सगळ्यांत जास्त घाम फोडतं ते मॅग्नेशियम सल्फेट. बाळंतिणीला झटके आले की मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी 10 ग्रॅम द्यायचं, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. 50 टक्क्यांच्या दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या, बाहेर नातेवाईक ओरडत असताना. दुसरी सिस्टर रिकाम्या अँप्यूल ट्रेमध्ये मोजत राहते. जास्त गेलं तर श्वास मंदावतो, म्हणून श्वास, गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल आणि लघवी तपासत राहायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी.

ओपीडीत मात्र लढाई वेगळी. वारली आईला ‘पाच मिली’ म्हणून काही हाती लागत नाही. सिस्टर तिच्याकडूनच मापाचं टोपण भरून घेते, खूण कुठे आहे ते बोटाने दाखवते. नाव विचारताना पाडाही विचारते, कारण एकाच नावाची दोन माणसं एकाच रांगेत उभी असू शकतात. आणि चिठ्ठी हातात देऊन म्हणते, ‘बाय, आता तूच सांग, कधी नि किती?’