आमचा माळा आणि त्यांचा लॉफ्ट

गेल्या रमजानच्या आदल्या रविवारी आम्ही चौघं भावंडं एक घर पाहायला गेलो होतो. घ्यायला नव्हे. खालाचा मुलगा कतारहून रजेवर आला होता, घर त्याला घ्यायचं होतं. आणि ते भायखळ्याला, आमची चाळ जिथे होती त्याच जागेवर उभं होतं. ‘तुमच्या अंगणातलं घर आहे, तुम्ही यायलाच हवं,’ असं म्हणून त्याने आम्हाला सोबत नेलं.

नमुन्याचा फ्लॅट बराच वर होता. दिवाणखान्याचं छत दोन मजल्यांइतकं उंच, एका भिंतीवर उघड्या विटा, वर काहीही न पेलणारी एक लोखंडी तुळई, आणि कोपऱ्यातून लाकडी जिना चढून गेलं की अर्ध्या खोलीवर टांगल्यासारखी एक पाटण. तिच्यावर पलंग आणि लिहायचं टेबल. दाखवणारी मुलगी अदबीने म्हणाली, ‘हा लॉफ्ट आहे.’ थोरल्या आपाने मान वर करून पाहिलं आणि पटकन बोलून गेली, ‘अगं, हा तर माळा!’

आम्ही हसलो, पण आपाचं खरं होतं. आमची खोली दहा बाय बाराची होती. छत उंच होतं म्हणून अब्बांनी सागाच्या तुळया टाकून फळ्या ठोकल्या आणि माळा केला. वर ताठ बसताही येत नसे, गुडघ्यांवर सरकावं लागे. त्या माळ्यावर आम्ही तिघं झोपायचो, अभ्यास तिथेच, अम्मीच्या गोधड्या आणि गावचे तांदूळही तिथेच. शिवाय गावाहून जहाजाच्या नोकरीसाठी आलेले पाहुणे. कधी आठ दिवस, कधी तीन महिने. अम्मीने कुणाला ‘कधी जाणार’ असं विचारलेलं आम्हाला आठवत नाही. शिडी मात्र रात्री काढून ठेवायची, कारण ती दारात यायची.

आमच्यातली एक जण, म्हणजे हे लिहिणारी, उर्दू शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. तिने तिथेच मास्तरकी सुरू केली. लॉफ्टमध्ये राहण्याची हौस पसरली ती मुख्यतः न्यूयॉर्कमधून. तिथल्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या दर्शनी खांबांच्या इमारती होत्या, आत कारखाने आणि गोदामं. धंदे निघून गेले तेव्हा चित्रकार स्वस्तात, बहुधा बेकायदा, तिथे राहू लागले. उंच छत, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड! 1971 मध्ये कलावंतांना तिथे राहायची कायदेशीर मुभा मिळाली, 1973 मध्ये तो भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला. मग पैसेवाले आले. न्यूयॉर्क राज्याने लॉफ्टमधल्या भाडेकरूंच्या संरक्षणाचा कायदा केला तो 1982 साली.

1982 म्हटल्यावर भाईजान थबकला. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांहून जास्त कामगार, आणि त्यांत आमचे अब्बा. ते साचाखात्यात होते. आमच्या भागात साच्यांवर मुसलमान बरेच. दलितांना मात्र त्या खात्यात पूर्वी घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या ओठांचा धागा इतरांना चालत नसे. अब्बा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणत. संपानंतर त्यांना परत काम मिळालं नाही. पुढे 1991 आणि 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी बाजारासाठी मोकळ्या होत गेल्या आणि भोंग्यांच्या जागी मॉल आले. गिरणीच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतून जो उत्तरेचा उजेड साच्यांवर पडायचा, तोच उजेड आता जाहिरातीत विकायला होता.

चाळ जुनी, पागडीची, उपकर भरणारी. अशा इमारतीतल्या भाडेकरूंना बिल्डरने फुकट घर द्यायचं आणि बदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र विकायला मिळायचं, अशी ही योजना. त्यामुळे आवारात दोन इमारती झाल्या: पुढे मनोरा, मागे आम्हा जुन्या लोकांची. फाटकं वेगळी. याबद्दल आमची फार तक्रार नाही. डोक्यावर पडू पाहणारं छत गेलं, संडास घरात आला. धाकटा भाऊ बायको-मुलांसह तिथे 300 चौरस फुटांत राहतो, अल्लाहचा शुक्र.

पण खाली उतरताना लिफ्टमध्ये खालाच्या मुलाने मोबाइलवर हिशेब केला. समोरच्या दराच्या निम्मा दर धरला तरी धाकट्याचं घर केवढ्याला जाईल, तो आकडा त्याने सहज मोठ्याने वाचला. त्यानंतर फाटकापर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.

अब्बांच्या मागे अम्मी गेली तेव्हा खोलीत राहत होता धाकटाच. भाडेकायद्यानुसार मयत भाडेकरूसोबत राहणाऱ्या घरच्या माणसाच्या नावे भाडेपावती होऊ शकते, तशी ती झाली. बाकी तिघांनी ना-हरकत लिहून दिली. ते प्रतिज्ञापत्र आपाला वाचून दाखवलं आमच्यातल्या शिकलेल्या बहिणीनेच, आणि ‘नुसती औपचारिकता आहे’ असंही तीच म्हणाली. चाळीतल्या खोलीला कसली किंमत, असं तेव्हा आम्ही चौघंही म्हणत होतो. सूरह निसामधले हिस्से आम्हाला ठाऊक नव्हते असं नाही. दोन भाऊ, दोन बहिणी: सहा भाग, भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. इतकं गणित आमची सातवीतली पोरंही करतात. आपा बेवा झाल्यापासून मुंब्र्याला भाड्याने राहते आणि दर अकरा महिन्यांनी सामान बांधते, हेही ठाऊक होतं.

चहाला धाकट्याकडे गेलो. त्याच्याकडेही लॉफ्ट आहे, न्हाणीघरावरचा, सामान टाकायचा. त्याने स्टुलावर चढून अम्मीची पत्र्याची पेटी काढली आणि भाडेपावत्या, ना-हरकत, सगळं चटईवर पसरलं. ‘पागडीची खोली तरक्यात धरतात का, हे आधी मुफ्तीसाहेबांना विचारू,’ भाईजान म्हणाला. ‘विचारा,’ आपा म्हणाली, ‘पण ते काय म्हणतील याची भीती कुणाला वाटते, ते बघा.’ भावजय दारात उभी होती. तिने फक्त विचारलं, ‘मग आम्ही मुलांना घेऊन कुठे जायचं?’ तिचंही चुकीचं नव्हतं, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी आपाच म्हणाली, ‘घर विकू नका. माझा आणि हिचा भाग किती, तेवढं लिहून ठेवा. द्यायचं तेव्हा द्या, थोडं-थोडं द्या.’ शाळेच्या वहीतला कागद फाडला. धाकट्याने पेन स्वतः मागून घेतलं, सहा भाग लिहिले, खाली सही केली. भाईजान म्हणाला, वकिलाला दाखवून करतो. तेवढ्यात असरची अजान झाली.

कागद सध्या आपाच्या पर्समध्ये आहे. त्याच्यावर तीन सह्या आहेत.