काढून टाकण्यासाठी लिहिलेल्या ओळी

जिवंत भाषा बदलत असते. परंतु ती नेमकी कोणत्या दिवशी बदलली, हे सहसा कोणी सांगू शकत नाही. मराठी लेखनाचे नियम १९६२ साली ठरले आणि जुन्या पद्धतीचे कितीतरी अनुस्वार लेखनातून गेले. तरीही त्यापूर्वी छापलेली पुस्तके आपण आज विनासायास वाचतो. वाचणारा माणूस समजूतदार असतो. अनोळखी अनुस्वार दिसला तर तो क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. संगणकाला ही समजूत नाही. आपण लिहिलेला एखादा शब्द त्याला ठाऊक असलेल्या आवृत्तीत नसेल, तर तो तेथेच अडतो आणि काम करण्याचे नाकारतो.

गेली पंचवीस वर्षे ज्या भाषेवर माझी उपजीविका चालली आहे, तिचे नाव सी प्लस प्लस. बियार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७९ साली तिचा पाया घातला आणि १९८३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिची पहिली आंतरराष्ट्रीय प्रमाण आवृत्ती १९९८ साली निघाली. दुसरी मोठी आवृत्ती येण्यास २०११ साल उजाडले. त्यानंतर मात्र दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती ठरू लागली: २०१४, २०१७, २०२०, २०२३. आपण लिहिलेले यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. प्रत्येक कंपायलरला ही भाषा एका ठरावीक आवृत्तीपर्यंतच येते.

हे सारे येथे कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज या व्यवसायात आहेत. ती दिवसभर पडद्यासमोर बसून नेमके काय करतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना उमगत नाही आणि मुलांनाही ते सांगता येत नाही. त्या कामाचा एक लहानसा कोपरा उजेडात आणावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो कोपरा म्हणजे नव्या आवृत्तीतील सोय जुन्या आवृत्तीत मागे नेण्याचे काम. आमच्या व्यवहारात त्याला 'बॅकपोर्ट' असे म्हणतात.

पूर्वी गावात लग्नकार्यासाठी सामाईक भांड्यांची एक खोली असे. हंडे, टोप, पराती, मोठे डाव. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने भांडी न्यावीत, वहीत नाव लिहावे आणि कार्य उरकल्यावर ती परत आणून द्यावीत, असा रिवाज होता. एखादे भांडे परत आले नाही तर त्या दिवशी कोणाचे काही अडत नसे. परंतु असे दहा लग्नांत दहा वेळा घडले, की अकराव्या घरी भात शिजवायला टोप मिळत नसे.

संगणकाची स्मृती ही अशीच सामाईक भांड्यांची खोली आहे. चालू प्रोग्रॅम गरजेनुसार तिच्यातून जागा मागून घेतो आणि काम झाल्यावर ती परत करतो. घेतलेली जागा कोठे आहे, हे दाखवणाऱ्या खुणेला पॉइंटर म्हणतात. जुन्या पद्धतीत जागा परत करण्याची आठवण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठेवायची असे. ती राहिली की गळती सुरू होते. गळतीचा आवाज होत नाही, तीमुळे उत्तर चुकत नाही. स्मृती तेवढी हळूहळू आटत जाते आणि एके दिवशी यंत्र थांबते.

यावर उपाय म्हणून 'स्मार्ट पॉइंटर' आले. भांडे एका जबाबदार माणसाच्या नावे करावे आणि तो मांडवातून बाहेर पडेल तेव्हा, मग तो जेवून जावो किंवा भांडून, भांडे त्याच्या हातून आपोआप परत जावे, अशी ही योजना. १९९८ च्या आवृत्तीत 'ऑटो पॉइंटर' नावाचा असा एक पहारेकरी होता. पण त्याची नक्कल केली की मूळ मालकाचा हात गुपचूप रिकामा होई. दिसायला नक्कल, प्रत्यक्षात मालकीचे हस्तांतर! त्यातून इतके घोटाळे झाले की २०११ मध्ये त्याचा वापर टाळावा असे ठरले आणि २०१७ मध्ये तो भाषेतून काढण्यात आला. त्याच्या जागी २०११ साली दोन भरवशाचे पॉइंटर आले. 'युनिक पॉइंटर' म्हणजे एकाच मालकाचा. 'शेअर्ड पॉइंटर' म्हणजे अनेकांचा, ज्यात सर्वांत शेवटी जाणारा भांडे परत करतो.

या दोघांसाठी मदतनीस फंक्शने हवी होती. शेअर्ड पॉइंटरसाठी 'मेक-शेअर्ड' हे फंक्शन २०११ च्या आवृत्तीत होते. युनिक पॉइंटरसाठीचे 'मेक-युनिक' मात्र त्यात नव्हते. भाषेच्या समितीचे तेव्हाचे निमंत्रक हर्ब सटर यांनी पुढे लिहिले, की ते राहून जाणे हे काही अंशी अनवधानच होते. २०१३ मध्ये रीतसर प्रस्ताव आला आणि २०१४ च्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली.

उणीव क्षुल्लक वाटेल, पण ती तशी नव्हती. एखाद्या फंक्शनला एकाच वेळी दोन नव्या वस्तू द्यायच्या आहेत असे समजा. जुन्या नियमांनुसार कंपायलरला अशी मुभा होती, की त्याने आधी दोन्ही भांडी खोलीतून बाहेर काढावीत आणि नावे नंतर वहीत लिहावीत. आता पहिले भांडे बाहेर आले आहे, दुसरे काढताना काही अडचण उद्भवली आणि सारे काम तेथेच सोडून द्यावे लागले, तर पहिल्या भांड्यावर कोणाचेच नाव नाही. ते परत कोण करणार? मेक-युनिकची सारी किमया एवढीच, की भांडे काढणे आणि नाव लिहिणे या दोन गोष्टी तो एका कृतीत बांधतो. त्यांच्या मधे दुसरे काही शिरू शकत नाही. २०१७ च्या आवृत्तीत हा मूळ नियमच सुधारला आणि एका वस्तूचे काम पुरे झाल्याखेरीज दुसरीचे सुरू होऊ नये असे ठरले. तोपर्यंत मात्र ही चार-पाच ओळींची सोय हाच खात्रीचा आडोसा होता.

मी त्या काळात रक्ततपासणीची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत काम करीत होतो. यंत्राचा मुख्य प्रोग्रॅम आमच्या आधीच्या पिढीने लिहिलेला होता. लहान गावांतील प्रयोगशाळांतून एक तक्रार वारंवार येई: यंत्र काही दिवस उत्तम चालते, मग मंदावते आणि थांबते. रात्रपाळीचा तंत्रज्ञ ते बंद करून पुन्हा सुरू करतो. ते तयार होईपर्यंत नमुन्यांच्या नळ्या रांगेत उभ्या राहतात आणि बाकड्यावर बसलेले नातेवाईक दर दहा मिनिटांनी खिडकीशी येऊन विचारतात, "झाला का रिपोर्ट?" काही ठिकाणी तर यंत्र दर दोन दिवसांनी बंद-चालू करणे हा नित्यक्रमच होऊन बसला होता. शोध घेता घेता गळती नेमकी वर सांगितलेल्या जागी सापडली. नमुना उचलणाऱ्या भागाकडून वेळेवर उत्तर आले नाही, की प्रत्येक वेळी एक भांडे बेवारस होत होते.

उपाय २०१४ च्या आवृत्तीत तयार होता. पण आमचा कंपायलर २०११ च्या आवृत्तीशीच थांबला होता. आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक तरुण अभियंता म्हणाली, "सर, आपण नवा कंपायलरच का घेत नाही?" तिचा प्रश्न रास्त होता. परंतु वैद्यकीय यंत्राचा कंपायलर बदलला, की संपूर्ण यंत्राची तपासणी पहिल्यापासून करून ती कागदोपत्री सिद्ध करावी लागते. त्यात कित्येक महिने जातात. तोपर्यंत त्या बाकड्यावरच्या माणसांनी काय करायचे? म्हणून सोयच मागे आणायची असे आम्ही ठरवले.

मेक-युनिकचे साधे रूप मागे आणणे अवघड नाही. स्कॉट मायर्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, नवी आवृत्ती नसलेल्या वाचकांसाठी ते देऊन ठेवले आहे. त्यासोबत त्यांनी एक सावधगिरीही सांगितली आहे: आपले हे फंक्शन प्रमाण नावांच्या राखीव घराण्यात ठेवू नका, नाहीतर उद्या खरे फंक्शन येईल तेव्हा दोघांची टक्कर होईल. काम येथे संपत नाही. येथे सुरू होते.

पहिली गोष्ट निष्ठेची. आकड्यांची एक सबंध रांग मागितली, तर प्रमाण आवृत्तीतील मेक-युनिक ती शून्याने भरून देतो. जणू भांडे विसळून हाती ठेवतो. घाईने लिहिलेल्या नकलेत कंसांची एक रिकामी जोडी राहून गेली, तर त्या भांड्यात आधीच्या कार्याचे खरकटे तसेच असते. नक्कल नावाने तीच आणि वागणुकीने वेगळी असेल, तर ती नसलेलीच बरी.

दुसरी गोष्ट नावाची. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनचा शोध घेताना कंपायलर त्याला दिलेल्या वस्तूंच्या घराण्यातही डोकावतो. आज आपल्या मेक-युनिकला नुसत्या नावाने हाक मारली तर चालते. उद्या कंपायलर नवा आला, की प्रमाण घराण्यातील वस्तू हाती असताना एकाच नावाचे दोघे 'ओ' देतात आणि कंपायलर गोंधळून थांबतो. म्हणून हाक मारताना घराण्यासकट पूर्ण नाव घ्यायचे, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला.

तिसरी गोष्ट वाट देण्याची. कंपायलर कोणत्या आवृत्तीने वाचत आहे, हे त्याला विचारता येते. तो एक आकडा सांगतो आणि त्यात वर्ष व महिना असतात: २०११ च्या आवृत्तीसाठी २०११०३, २०१४ च्या आवृत्तीसाठी २०१४०२. आमच्या ओळींत आम्ही हा प्रश्न घालून ठेवला. आकडा जुना असेल तर आमचे फंक्शन काम करील. नवा असेल तर ते बाजूला होईल आणि खऱ्या फंक्शनला पुढे करील.

हे चालू असताना ती तरुण अभियंता एकदा म्हणाली, "सर, दोन-तीन वर्षांनी जे पुसायचेच आहे, ते इतक्या जपून कशाला लिहायचे?" मी तिला म्हणालो, "पुसायचे आहे म्हणूनच. पुसणारी व्यक्ती आपण नसू. तिला आपण भेटणारही नाही कदाचित. तिला आपल्या ओळी काढताना भीती वाटता कामा नये." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने त्या ओळींच्या माथ्यावर एक टीप लिहिली: ही सोय कशासाठी आहे आणि कोणत्या दिवशी काढून टाकावी. माझ्या मते त्या सबंध कामातील सर्वांत मोलाची ओळ तीच होती.

मागे नेण्यालाही मर्यादा असते, हे सांगितले पाहिजे. २०११ पर्यंत ही सोय सुखाने मागे येते. १९९८ पर्यंत नेऊ पाहिले तर ती अडखळते. कितीही संख्येने गोष्टी स्वीकारणारे फंक्शन त्या भाषेत लिहिताच येत नाही. एका गोष्टीसाठी एक, दोन गोष्टींसाठी दुसरे, अशी माळ लावावी लागते. मालकी उघडपणे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची कल्पनाही त्या भाषेला नव्हती आणि ऑटो पॉइंटरचे दुखणे नेमके तेच होते. बूस्ट नावाच्या संग्रहाने मोठ्या चिकाटीने त्या कल्पनेचीही नक्कल जुन्या आवृत्तीत घडवली. पण तेथे शब्द मागे नेणे पुरेसे ठरत नाही, शब्दामागचा विचारही पाठीवर वाहून न्यावा लागतो.

आम्ही केले ते जगावेगळे नव्हते. कंपायलर घडवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एलएलव्हीएम या प्रकल्पाने २०१४ साली आपले स्वतःचे मेक-युनिक लिहिले आणि २०१९ मध्ये २०१४ ची आवृत्ती स्वीकारताच ते सोडून प्रमाण फंक्शन सर्वत्र बसवले. गूगलने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या ॲबसेल या संग्रहातही तसाच एक मेक-युनिक होता; नवी आवृत्ती दिसताच तो आपली जागा प्रमाण फंक्शनला देत असे. एवढ्या मोठ्या प्रकल्पांनीही या चार-पाच ओळी जाण्यासाठीच लिहिल्या होत्या.

नव्याची ओढ चांगलीच आहे. तिच्यावाचून भाषा पुढे जात नाही. परंतु नवी आवृत्ती निघाली म्हणजे सारे जग त्या दिवशी तेथे पोहोचते, असे नाही. कोणाचे यंत्र जुने असते, कोणाची तपासणी अपुरी असते, कोणाजवळ पैसे नसतात. सुधारणेचा पहिला लाभ पुढे गेलेल्यांना होतो. मागे राहिलेल्यांपर्यंत तिच्यातला निदान सुरक्षिततेचा भाग पोहोचवणे, हे कोणाला तरी हाती घ्यावे लागते. त्या कामाला नाव मिळत नाही आणि ते टिकतही नाही. ते जितके नीट केलेले असेल तितके ते सहज पुसले जाते.

आमची सुधारणा यंत्रांवर चढल्यानंतर रात्रीच्या तक्रारी थांबल्या. मी ती कंपनी सोडली. काही वर्षांनी नव्या पिढीच्या यंत्रासाठी नवा कंपायलर आला आणि टिपेत लिहिल्याप्रमाणे आमच्या ओळी काढण्यात आल्या. काढणारी तीच अभियंता होती, आता स्वतः एका गटाची प्रमुख झालेली. तिने मला कळवले, की ओळी गेल्या, सगळ्या चाचण्या झाल्या, कोठेही काही अडले नाही.