डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,



तुमचं सोलापूर आणि आमचा बारामती-इंदापूरचा मुलूख शेजारचाच. इकडे जुन्या माणसांना तुमचं नाव ठाऊक आहे ते व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे. तुमच्या त्यागाला सगळेच हात जोडतात. मला त्याइतकीच तुमची नजर मोठी वाटते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि तुम्ही असे पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींच्या सेवेसाठी मुंबईहून निघालात. बरोबर वर्षाने, १ सप्टेंबर १९३९ला, हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं आणि आता महायुद्ध आलं हे जगाने कबूल केलं. वास्तविक ते केव्हाच निघालं होतं. १९३१मध्ये जपानने मांचुरिया गिळला. १९३५मध्ये मुसोलिनी ॲबिसिनियावर चालून गेला. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण त्याचं तेल काही तोडलं नाही. १९३७च्या डिसेंबरात चीनच्या नानकिंगमध्ये जपानी सैन्याने कत्तल केली. तुम्ही चीनमध्ये पोचलात त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला. शांतता राखली म्हणून टाळ्याही वाजल्या. दर वेळी मरणारे दुसरे होते, एवढ्यावर जग निश्चिंत राहिलं.

अशा हुकूमशहांना आपलीही माणसं भुलली होती. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे १९३१च्या मार्चमध्ये रोमला मुसोलिनीला भेटले. मुलांना कवायत शिकवणारी त्याची 'बालिला' संघटना त्यांना मनापासून आवडली. त्याच नागपूरचे डॉ. चोळकर सात वर्षांनी तुमच्याबरोबर जखमींच्या सेवेला गेले. शिस्त पाहून हरखायचं, की त्या शिस्तीखाली कोण चिरडलं जातंय ते पाहायचं, ही निवड तेव्हाही मराठी माणसापुढे होती.

तुम्ही चीनमध्ये १९४०च्या लढाईत बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करत राहिलात. ९ डिसेंबर १९४२ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेलात.

डॉक्टरसाहेब, परक्या देशांत रणगाडे घालण्याआधी हिटलरने स्वतःच्या देशातले शेजारी वेगळे काढले. १९३३मध्येच डाखाऊची छळछावणी उघडली, १९३५मध्ये कायदा करून ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. म्हणून मला आमच्या मोरगावच्या मयूरेश्वराच्या देवळाचं मोल वाटतं. त्याच्या चारही कोपऱ्यांवर मशिदीसारखे मिनार आहेत, आणि त्या मिनारांच्या आत आमचा मोरया बसला आहे. या मातीत माणसं एकमेकांत किती मिसळून राहिली, हे तिथे दगडातच दिसतं. 'शुद्ध' आणि 'परके' अशी वाटणी करू पाहणाऱ्याला आधी ते देऊळच समजून घ्यावं लागेल.

तुम्हाला वचन देतो: पारावर, लग्नात, मोबाईलवर कुणी एखाद्या जातीधर्माला धडा शिकवायची भाषा काढली, तर मी गप्प बसणार नाही. तिथल्या तिथे हटकायला गावातली चार माणसं पुरतात. वेळ गेली की फौजा लागतात, आणि फौजेत आपलीच पोरं जातात. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला पडले ते मुसोलिनीच्या इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात. दूरचं संकट असं आपल्या उंबऱ्याशी येतं. तुम्ही ते आधी ओळखलंत; आम्हीही वेळेवर ओळखायला शिकलं पाहिजे.

आपला,
मोरगावचा एक रहिवासी