आईची बुगडी आणि माझा कान

बुगडी म्हटलं की आपल्या पिढीला आठवतं ते १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका'मधलं आशाताईंचं गाणं आणि त्यावर नाचणाऱ्या जयश्री गडकर. पण बुगडी कानात नेमकी कुठे घालतात, असं हल्लीच्या मुलींना विचारलं तर बऱ्याच जणी पाळीला हात लावतात. पाळीत कुडी, बुगडी कानाच्या वरच्या कडेला. पुरुषांची भिकबाळीही तिथलीच, उजव्या कानाच्या वरच्या भागातली. पेशवाईतला हा दागिना आता नवरदेवांच्या कानात परत दिसू लागलाय. आणि पुण्यात शिकणारी माझी नात ज्याला 'हेलिक्स' म्हणते, तेही हेच ठिकाण. नाव नवं, जागा जुनीच!

तर सांगायचं म्हणजे, डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, मी कानाची वरची कड टोचून घेतली. त्यावर फोनवर इतक्या जणांनी इतकं विचारलं, की म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं.

माझ्या आईची मोत्यांची बुगडीजोड होती. बारीक मोती, मधे लाल खडा, मागे मळसूत्राची फिरकी. १९७८ साली वडील गेले. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या गेल्या, त्यांच्यामागे बुगड्याही उतरल्या. त्या काढ म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. त्यानंतर आई २३ वर्षं होती. तिला न्हाऊ घालताना दोन्ही कानांच्या वरच्या कडेला टिंबाएवढा खळगा दिसायचा. मला नवल वाटायचं, एवढ्या वर्षांत हे बुजलं कसं नाही?

आई गेल्यावर बुगड्या माझ्याकडे आल्या. माझ्या तरुणपणी वरचा कान टोचणं जुनाट समजत, त्यामुळे मला तिथे भोक नव्हतं. शाळेत शिकवायला जाताना पाळीतल्या कुड्या पुरत. जोड डबीत पडून राहिली. २०२० साली आमचे हे गेले आणि मग तर प्रश्नच मिटला, असं घरात सगळ्यांनी धरलं. मीही धरलं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ते कात्रण मी कापून ठेवलं आहे. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र, जोडवी यांच्या त्या चर्चेत बुगडीचं नाव कोण घेणार? ते मी माझ्यापुरतं जोडून घेतलं.

घरात बोलले तेव्हा मुलाला माझ्या साखरेची काळजी वाटली. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, चापाची बुगडी मिळते, भोकाशिवाय बसते." मिळते खरी. पण आईची बुगडी मळसूत्राची, तिला भोकच लागतं. आणि शेजारच्या बाई तर सरळ म्हणाल्या, "मास्तरीणबाई, कायले टोचता आता कान?" त्या 'आता'मध्ये सगळं आलं!

लहानपणी पाळ्या सोनारानेच टोचल्या होत्या. सोन्याची तार, वर हळद आणि तेल, पुढे भोक धरून राहावं म्हणून कडुनिंबाची काडी. ही पद्धत अडाणी नव्हे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाची कृती आहे. कान उन्हात धरून आरपार पातळ दिसणारी जागा शोधायची, शिरा टाळायच्या, भोकात तेलाची कापसाची वात ठेवायची आणि तीन-तीन दिवसांनी ती जाड करत न्यायची. पाळीला हे मानवतं, कारण पाळी मांसल आहे, तिला रक्तपुरवठा भरपूर. सहा ते आठ आठवड्यांत ती बरी होते.

कानाच्या वरच्या भागात मात्र आत कूर्चा असते. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर जे पातळ आवरण असतं, त्यातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. जंतू शिरले तर औषधही तिथवर नीट पोचत नाही. बंदुकीने टोचतात तो प्रकार तर इथे नकोच. तिची बोथट टोकाची कुडी जोराने आत घुसते, त्यात कूर्चा चिरडू शकते, आणि ती बंदूक उकळून निर्जंतुक करता येतेच असं नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २००० साली एकाच टोचणाऱ्या दुकानातून अनेकांचे कान पिकले. जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू निघाले! चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला.

हे सगळं समजून घेऊन मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी साखर तपासली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारलं. साखर आटोक्यात होती. मग पोकळ सुईने उजवा कान टोचला आणि टायटॅनियमची साधी, थोडी लांब दांडी घातली. सूज येते, म्हणून लांब. आईची बुगडी लगेच घालायची नाही, मळसूत्राच्या कडा कोवळ्या जखमेला घासतात. दुखलं का? हो, कळ मस्तकात गेली, पण क्षणभर. टोचणं मिनिटाचं, सांभाळणं वर्षाचं.

रोज दोनदा निर्जंतुक सलाईनने धुवायचं आणि कोरडं करायचं, बस्स. हळद नाही, तेल नाही, स्पिरिट नाही. "फिरवत राहा, म्हणजे चिकटणार नाही," असं मला निदान दहा जणींनी सांगितलं. पण फिरवलं की आत धरलेली नवी कातडी फाटते. झोपायचं डाव्या कुशीवर. फोन डाव्या कानाला. चष्म्याची काडी कानावर जपून ठेवायची. कंगवा, पदर, टॉवेल, सगळ्यांशी सावधपणे वागायचं. आमच्या मलकापुरात मे महिन्यात डोक्या-कानावरून पदर घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. घामाने तो कानाला चिकटतो, तेव्हा उन्हाचं जाणंच बंद केलं.

तिसऱ्या महिन्यात भोकाशेजारी एक गाठ आली. मला वाटलं, झालं, आता हे काढावं लागणार. डॉक्टरांनी बघून सांगितलं, ही दाबाने आलेली गाठ आहे, केलॉइड नव्हे. केलॉइड जखमेच्या बाहेर पसरत जातो. सूज उतरल्यावर लांब पडू लागलेली दांडी त्यांनी बदलून आखूड घातली आणि दीड महिन्यात गाठ बसली. त्यांनी एक खूण मात्र बजावून ठेवली होती, ती तुम्हीही लक्षात ठेवा. कानाचा वरचा भाग लाल, गरम, ठणकणारा झाला आणि पाळी मात्र नेहमीसारखीच असली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कूर्चा मेली तर कान आक्रसतो, तो पूर्ववत होत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला आईची एक बुगडी घातली. दुसरा कान अजून तसाच आहे. झोपायला एक कूस नको का!

आईच्या कानावरच्या त्या खळग्याचं कोडंही डॉक्टरांनीच सोडवलं. भोक पुरतं बरं झालं की त्याला आतून कातडीचं अस्तर येतं. ती नुसती जखम असते तोवर दागिना काढला तर बुजते. पण अस्तर धरलेलं भोक वर्षानुवर्षं रिकामं राहिलं तरी बहुधा पुरतं बुजत नाही, फक्त आक्रसतं. म्हणजे आईने २३ वर्षं बुगडी घातली नाही, पण तिच्या कानाने जागा राखून ठेवली होती. हे ती असताना कळलं असतं तर तिला आरसा दाखवून सांगितलं असतं. ऐकलं असतं का, कोण जाणे.

असो. 'कायले' म्हणणाऱ्या शेजारच्या बाई परवा दुपारी आल्या. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग उठता उठता, दाराशी उभं राहून हळूच विचारलं, "लई दुखते का हो? अन् ते डॉक्टर कोणत्या वारी बसतात?"

वार सांगितला. साखर तपासून जा, एवढंही सांगितलं.