कृष्णाकांठचा काळा दगड आणि स्वयंपाकाचा ओटा

खंबाटकीचा घाट ओलांडून प्रवासी कृष्णेच्या खोऱ्यांत उतरला, म्हणजे दोहों बाजूंस जे डोंगर उभे राहतात ते बहुतेक एकाच जातीच्या दगडाचे असतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रसाचे थरावर थर वाहिले, थिजले आणि त्यांचा हा पाषाण झाला. शास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. आपल्याकडे तो नुसता ‘काळा दगड’. पांचगणीच्या पठारावर किंवा कासच्या माथ्यावर हाच दगड युगानुयुगांच्या पावसानें कुजून तांबडा, सच्छिद्र जांभा झालेला आहे. दोघांचें कूळ एक, पण स्वभाव किती निराळे! जांभा पाणी पितो. काळा दगड तें सहसा आंत शिरूं देत नाहीं.

गेल्या माघांत या बाजूस जाणें झालें, तें देवदर्शनाच्या निमित्तानें नव्हे. सांगलीस माझी आत्या राहते. दोन मुलगे, सुना, नातवंडें असें भरलें घर आहे. 2019 च्या ऑगस्टांतील महापुरांत कृष्णा त्यांच्या स्वयंपाकघरांत शिरली, आणि 2021 च्या जुलैंत पुन्हां एकदां. भुशाच्या फळ्यांचीं कपाटें पहिल्याच पुरांत फुगून गेलीं. ओट्याचा दगड तगला, परंतु खालची जमीन खचल्यामुळें त्यास आरपार चीर पडली. आतां नवा ओटा करणें प्राप्त होतें, आणि त्याच्या दगडास झिलई कितपत द्यावी यावर घरांत दोन तट पडले होते. सुनांना आरशासारखा लखलखीत दगड हवा होता. आत्याचें म्हणणें, “ओट्यांत तोंड पाहावयाचें आहे काय? पाट्यासारखा शांत दगड बसवा.” मीं येतां येतां दगड पाहून यावें अशी दोन्ही पक्षांची आज्ञा झाली.

दगड पाहावयाचाच, तर वखारीपूर्वीं वाई पाहावी असें मीं ठरविलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं 1762 सालीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ कृष्णेच्या अगदीं पात्रालगत आहे. पुराचा लोंढा फांकून दोहों अंगांनीं निघून जावा म्हणून त्याची पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. हें कौशल्य पुष्कळांनीं वर्णिलेलें आहे. माझें लक्ष मात्र या खेपेस पायांखालीं होतें. घाटाच्या पायऱ्या ताशीव आहेत. त्यांवर टाकीचा खरबरीतपणा पायाला अजून जाणवतो. शेंकडों ओलीं पावलें जेथें रोज चढावयाचीं व उतरावयाचीं, तेथें दगड घोटून गुळगुळीत करणें म्हणजे मनुष्यास पाडण्याची सोय करणें होय. उलट देवाची मूर्ति घोटीव हवी, कारण तिच्यावरून दूध, दहीं, मध व तेल ओघळून गेलें पाहिजे, सांचून राहतां कामा नये. त्या कारागिरांनीं दगडाला कोणता हात द्यावयाचा हें शोभेवरून ठरविलें नाहीं; त्यावर काय सांडणार आणि कोण चालणार, यावरून ठरविलें. नाना फडणविसांच्या मेणवलीस घाटावर बसलें असतां हीच गोष्ट पुन्हां मनांत आली, आणि सातारच्या अलीकडे लिंब गांवाजवळील बारा मोटांच्या विहिरींत ती अधिकच ठसली. वीरूबाई यांनीं शके 1641 ते 1646 या काळांत बांधविलेली ही अष्टकोनी विहीर सुमारें एकशें दहा फूट खोल आहे, आणि तिच्या पोटांत चक्क एक लहानसा महाल आहे. महालाचे खांब कोरीव, पण खालीं उतरणाऱ्या पायऱ्या मात्र साध्या, पायाला धर देणाऱ्या.

घरांतही हें ज्ञान होतेंच. पाटा गुळगुळीत झाला कीं चटणी वाटली जात नाहीं, नुसती घसरते. म्हणून टाकी लावणारी दारावर आली, म्हणजे पाटा व जातें अंगणांत काढून त्यांस टाके घालून घेत. ज्या घरांत पाटा खडबडीत हवा असे, त्याच घरांत चुलीभोंवतालची जमीन रोज सारवून मऊ केलेली असे. विचार केला तर सारवण हीही एक झिलईच, फक्त ती रोज पहांटे कोणा ना कोणा बाईच्या हातानें नवी होत असे! चूल गेली, स्टोव्ह आला, मागाहून गॅस आला आणि स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला, तसा दगड जमिनीवरून कमरेइतक्या उंचीवर चढला. परंतु त्याला पुसण्याचें काम कमी झालें असें कोणत्याही सुनेस विचारून पाहावें.

कऱ्हाडच्या पुढें एका वखारींत थांबलों. तेथील वृद्ध कारागिरानें मला जें दाखविलें, तें विस्तारानें सांगण्याजोगें आहे. दगडाची लादी कापली म्हणजे ती प्रथम भरड असते. मग तिच्यावर जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत क्रमाक्रमानें घासकाम होतें. ही चढण मध्येंच, सुमारें चारशें नंबरच्या कणांवर थांबविली, तर दगड सपाट व मऊ होतो, पण चमकत नाहीं. कारखानदार यास ‘होन्ड’ म्हणतात. तीन हजारांच्या पलीकडे नेली म्हणजे आरसा होतो. तिसरा प्रकार सध्यां फार चालतो, त्याचें नांव ‘लेदर’. यांत तारेसारख्या राठ कुंच्यांनीं दगडाचे मऊ कण झिजवून त्यावर कातड्यासारखी खोलगट सुरकुती आणतात. चौथा प्रकार ज्वाळेनें पृष्ठभाग तडकावून खरबरीत करण्याचा. तो अंगणास व पायऱ्यांस शोभतो, ओट्यावर तो कोणी करूं नये. आणि एक गोष्ट त्यानें हंसत हंसत सांगितली. बाजारांत ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जो विकला जातो, तो पुष्कळदां शास्त्रदृष्ट्या ग्रॅनाइट नसून आपल्या काळ्या दगडाचाच जवळचा भाऊबंद असतो.

झिलईपूर्वीं जात पाहावी, हा त्याचा मुख्य उपदेश. संगमरवर, शहाबादी फरशी, कोटा आणि आपला घरोघरचा कडप्पा हे सारे चुनखडीच्या कुळांतले. त्यांवर लिंबू पिळलें, आमसुलाचें पाणी किंवा चिंचेचा कोळ सांडला, कीं आम्ल त्या चुन्यासच खातें आणि तेथें पांढुरका, मंद डाग उठतो. हा डाग वरून बसलेला नसून दगडच झिजलेला असतो. म्हणून तो पुसून जात नाहीं, आणि छिद्रें बुजविणारें कोणतेंही रसायन त्यास अडवूं शकत नाहीं. ज्या घरांत रोज आमटींत आमसूल व कोशिंबिरींत लिंबू पडतें, तेथें चकचकीत कडप्पा म्हणजे रोजची हळहळ. चुनखडीच्या जातीचा दगड घ्यावयाचाच, तर तो बिनचमकीचा घ्यावा. मंद दगडावर मंद डाग फारसा उमटून दिसत नाहीं. ग्रॅनाइट व काळा दगड यांस आमच्या स्वयंपाकांतल्या आंबटाचें भय नाहीं. त्यांस भय तेलांत कालवलेल्या हळदीचें.

वखारवाल्यानें तीन प्रकारांचे तीन तुकडे आम्हांस उसने दिले. सांगलीस ते मोरीशेजारीं आठ दिवस मांडून ठेवले, आणि कोणीही कांहींही सांडावें असा हुकूम निघाला. नातवंडांनीं तो मनापासून पाळला! चकचकीत तुकडा एका हातांत पुसून निघे, पण वाळलेला पाण्याचा प्रत्येक थेंब आणि बोटांचा प्रत्येक ठसा दिव्याखालीं दिसे. लेदरच्या तुकड्यावर ठसे दिसत नव्हते, परंतु ज्वारीचें पीठ त्याच्या सुरकुत्यांत जाऊन बसे व फडक्याला दाद देत नसे. मंद तुकड्यावर रात्रभर राहिलेल्या फोडणीच्या तेलानें पिवळी झांक धरली. तो दोन दिवस उन्हांत ठेवला, तेव्हां ती बरीच उडाली, कारण हळदीचा रंग उन्हापुढें टिकत नाहीं.

नवव्या दिवशीं थोरल्या वहिनी म्हणाल्या, “आई, तुम्हीच सांगा आतां.”

आत्या म्हणाली, “अगं, मी काय सांगूं? माझा हात आतां ओट्यापर्यंत पोंचत नाहीं. पुसणार कोण, तिनें ठरवावें.”

दोघी जावांनीं मग काळा दगड मंद झिलईचाच घेतला, पण गॅसच्या शेगडीखालचा हातभर भाग चकचकीत ठेवविला, कारण फोडणी उडते ती तेथेंच. ओट्याखालीं फळ्यांचीं कपाटें न करतां कडप्प्याच्या उभ्या फरशा लावल्या. पुन्हां पाणी आलें तर तें नुसतें धुऊन काढतां येईल. मला स्वतःला दोन झिलयांचा हा जोड डोळ्यांस थोडा विजोड वाटला. पण मी तेथें पुसावयास जाणार नाहीं!

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरमालकानें ध्यानांत धरावी. दगड कोरडा कापला म्हणजे त्याची जी बारीक धूळ उडते, ती कापणाऱ्याच्या फुप्फुसांत कायमची बसते. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिकेचें प्रमाण पुष्कळदां शेंकडा नव्वदांवर असतें. त्यांपायीं तरुण कारागीर दगावूं लागल्यामुळें ऑस्ट्रेलियानें 1 जुलै 2024 पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. नैसर्गिक दगडांतही, विशेषतः ग्रॅनाइटांत, हा दोष कमी असला तरी आहेच. म्हणून मोरीचें व शेगडीचें भोंक पाण्याची धार धरून पाडवावें, आणि होईल तर तें घरांत न पाडतां वखारींतच पाडून आणावें. कारागीर एक दिवस अधिक मागेल, तो द्यावा.

बाकी निगा थोडी आहे. तापलेला तवा थेट ओट्यावर टेकूं नये. भोंकांच्या कोपऱ्यांशीं दगड आधींच नाजूक झालेला असतो, आणि एकाएकीं तापल्यास तेथूनच तडकतो. पुसावयास साधें साबणाचें पाणी पुरे. मंद झिलईच्या दगडांत छिद्रें बुजविणारें रसायन एकदां मुरवावें लागतें, आणि तें कालांतरानें झिजतें. तें उरलें आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असल्यास रात्रीं ओटा कोरडा करून त्यावर चमचाभर पाणी ठेवावें व पाव घटका थांबावें. खालचा दगड काळवंडला तर पुन्हां हात द्यावा; थेंब तसाच फुगीर राहिला तर तूर्त कांहीं करावयास नको.