बांधावरून वाट नाही



मे संपत आला. राब भाजून झालेत, वळवाची एखादी सर येईल म्हणून आभाळाकडं डोळे लावून बसलोय. दरसाली या दिवसांत मी बियाणं, गादीवाफा असलं काहीबाही लिहितो. औंदा वाटांवर लिहितोय, कारण आमच्या गावात सध्या शेतीचा सगळा प्रश्न वाटांवर येऊन थांबलाय.

गाव साम्रद, तालुका अकोले. घाटमाथ्याच्या अगदी कडेला. गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस भंडारदऱ्याच्या धरणात जातो आणि पुढं प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला लागतो. दुसऱ्या अंगाचा सांदण दरीत उतरून कोकणात जातो. आमच्या वाट्याला राहतं ते खाचराच्या बांधानं अडवलेलं. म्हणून आमच्याकडं बांध म्हणजे नुसती हद्द नाही, बांध आहे म्हणून भात आहे.

फिरायला येणाऱ्यांना इथं काय नाही? दारातून समोर बघितलं की अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे. पलीकडं कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्याची खरी वाट मात्र बारी गावातून. रतनगडावर जायला बहुतेक लोक रतनवाडीतून शिड्यांच्या वाटेनं चढतात, जाताना अमृतेश्वराचं देऊळ बघतात, ते बघण्यासारखंच आहे. पण आमच्या बाजूनं खुट्ट्याच्या सुळक्याजवळून त्र्यंबक दरवाज्याला निघणारी वाट आहे, तिला गर्दी नाही. कातळात खोदलेल्या पायऱ्या, उंच उंच. गुडघ्याचं दुखणं असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. वर नेढ्यात बसलं की वारा असा लागतो की डोक्यावरची टोपी हातात धरावी लागते. पोरगा होतो तेव्हा आम्ही गुरांमागं तिथवर जायचो, त्याला कुणी ट्रेक म्हणत नव्हतं.

आणि सांदण. गावातून अर्ध्या तासाच्या आत तिच्या तोंडाशी पोचता. दोन्ही बाजूला कातळ, मधून काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालतील एवढीच जागा. आत दोन ठिकाणी पाणी लागतं, दुसरं खोल. हिवाळ्यात-उन्हाळ्यात खुशाल या. पावसाळ्यात तिथं उतरायचं नाव काढू नका. वर माथ्यावर पडलेला पाऊस त्या फटीत एकदम येतो, आणि आत असलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागाच नसते. इथला पाऊसही साधा नाही. आमच्या शेजारच्या घाटघर, रतनवाडीला चांगल्या सालात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास आकडा जातो. मराठवाड्यातल्या भावांनी हे वाचून हसू नये, आमचा सगळा चार महिन्यांत येतो आणि मार्चला आमच्याही बायका हंडे घेऊन हिंडतात.

आता मूळ गोष्ट. मे अखेर ते जूनचा मध्य, पाऊस लागेस्तोवर, काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर रात्री असा लखलखाट होतो की झाडाचा आकार उजेडात दिसतो. वन विभागानं वेळेचे नियम लावलेत, तरी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. काजव्याची उघडझाप म्हणजे नराची मादीला दिलेली खूण. गाडीचा हेडलाईट नि मोबाईलची बॅटरी मारली की ती खूण कुणाला दिसणार? काजव्याची अळी झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यात, मातीत असते आणि गोगलगायी खाऊन जगते. ज्यांच्या सोयाबीनला शंखी गोगलगायीनं जेरीस आणलंय त्यांना या अळीची किंमत वेगळी सांगायला नको. लोक झाडाखाली गर्दी करून उभे राहतात, तेव्हा पायाखाली पुढच्या सालचा काजवा असतो.

याच दिवसांत आमचं रोप टाकायचं असतं. मग पाऊस लागला की चिखलणी, आवणी. पाहुण्याला वाट चिखलाची दिसते आणि बांध हिरवागार, कोरडा दिसतो. तो बांधावरून चालतो. भिजलेल्या बांधावर बुटाची टाच रुतली की तिथून पाण्याला धार लागते. रात्री पाऊस पडला की सकाळी तिथं हातभर भगदाड. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात, रोप आडवं आणि खत वाहून गेलेलं. चालणाऱ्याला काही कळत नाही, तो फोटो काढून गेलेला असतो. त्याला वाईट म्हणत नाही मी. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हंगामात एका शहरातल्या माणसानं आमच्या थोरल्याला गाठलं. रस्त्यालगतची आमची तीन खाचरं, मिळून वीस गुंठे. ती जेसीबीनं एका पातळीत करायची, मुरूम टाकायचा, तंबू आणि गाड्यांना जागा. सालाचे साठ हजार. आम्ही आदिवासी, आमची जमीन बिगर आदिवासीला भाड्यानं द्यायलाही आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्या माणसानं त्यावरही तोड काढली होती, 'कागद कशाला, तुमच्याच नावावर चालवू.'

थोरला म्हणाला, "बाबा, वीस गुंठ्यात भात किती होतो? सात क्विंटल. त्याचे पैसे किती?"

हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. विकलं तर पंधरा-सोळा हजारांच्या वर जात नाही, मजुरी धरली तर हातात काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या वयाची पोरं नारायणगावला, नाशिकला कामाला गेलीत. तो गावात राहिलाय तो या फिरणाऱ्या लोकांच्या जिवावरच. वाटाड्या म्हणून जातो, घरी जेवणं होतात. म्हणून त्याला नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं.

मी त्याला खाचरात घेऊन गेलो, पहार मारायला लावली. वरची माती हात-दीड हात, खाली खडक. त्या मातीच्या तळाला वर्षानुवर्षं चिखलणी करून बसलेला घट्ट थर आहे, पाणी धरून ठेवतो तो तोच. जेसीबीनं तीन खाचरं एक केली की मधले बांध जातात ते जातातच, हा थरही फुटतो. मग पुन्हा बांध घातले तरी पाणी ठरत नाही. मुरूम पसरायला एक दिवस लागतो, वेचून काढायला माणसाचा जन्म पुरत नाही. आणि पाहुणे जो काळभाताचा वास घेऊन दोनदा भात वाढून घेतात, तो कुठून आणणार? पेंढा गेला की बैलांचं काय? कृषीच्या साहेब लोकांना हे शिकवायची गरज नाही, पण घरात पोराला दाखवावंच लागतं.

तो गप्प झाला, पटला असं म्हणणार नाही. दोन दिवसांनी त्यानंच विचारलं, वरकस मोकळी आहे ना? गावाच्या वरच्या अंगाला आमचा नागली-वरईचा उताराचा तुकडा आहे, दोन सालं पीक घेतलं की पडीक ठेवतो. यंदा पडीकच आहे. तिथून अलंग-मदन समोर दिसतात, खाली गाव दिसतो. गाडी जात नाही, दहा मिनिटं चालावं लागतं, पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. तंबू तिथं लावायचे ठरलं. भात काढल्यावर नोव्हेंबर ते मार्च खाचरंही मोकळी असतात, ज्या खाचरात वाल-मसूर नाही तिथं तेव्हा तंबू लावायला माझी ना नाही. रोपाच्या दिवसांत नाही. साठ हजार काही होणार नाहीत. किती होतील ते दिवाळीनंतर इथंच लिहीन.

बांधाचं काम आम्ही बापलेकांनी सुरू केलंय. ओढ्यातले चपटे दगड आणून खाचरांच्या कडेनं पायवाट बसवतोय, अर्धी झाली. वाटेकडच्या बाजूला पाऊस लागला की गिरिपुष्पाची छाटं लावणार, हात-हात अंतरावर. दोन-तीन सालात कुंपण होतं, माणूस बांधावर चढत नाही, आणि चिखलणीच्या वेळी पाला कापून खाचरात तुडवला की युरियाची गोणी कमी लागते. चारसूत्री भात करणारे ओळखतीलच. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडणं त्यानं थोडं कमी झालं तर काजव्याच्या झाडांचंही भलं. कुणी उताराच्या बांधावर गिरिपुष्प लावलं असेल तर छाटं केवढ्या जाडीची घेतली ते खाली लिहा, आमच्याकडं पावसाच्या माऱ्यात बारीक छाटं कुजतात असं शेजारी म्हणतो.

जूनमध्ये येणार असाल तर अंधार पडायच्या आत या. गाडी गावात लावा, बॅटरीला लाल कागद बांधा, झाडाखाली न जाता वाटेवरून बघा. गावातून वर येताना डाव्या हाताला नवे दगड दिसतील, तीच वाट. जेवायचं असेल तर सकाळीच निरोप द्या, नागलीच्या भाकरी ऐन वेळी होत नाहीत.